ऑक्टोबरातला नाताळ

बर्फाच्या गावाला बर्फ नसताना कोणी नेत असेल, तर जाऊ नका. मी जाऊन आले. चार दिवस राहिले आणि चारही दिवस मला किळस आली.

माझा मुलगा इंग्लंडात रीडिंगला असतो. तो आणि सून दोघंही कॉम्प्युटरवर काम करतात, नात नऊ वर्षांची आहे. मी मे महिन्यात त्यांच्याकडे आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. ऑक्टोबर लागला तसा परतीचा विषय निघायला लागला. परत जायचं यात वाद नव्हता. कुठं जायचं, यात होता.

मला माझ्या घरी जायचं होतं. कराडला माझ्या दोन खोल्या आहेत. पुढच्या बाजूला पिठाची गिरणी होती, नवरा गेल्यावर ती मी चालवली. गुडघे धरायला लागले तेव्हा गिरणी विकली, खोल्या ठेवल्या. मागच्या वर्षी मोरीत घसरून पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, हाड जुळलं, माझ्यापुरता विषय संपला. मुलाच्या डोक्यात मात्र ती मोरी बसली ती बसलीच. त्यानं पुण्याबाहेर माझ्यासाठी एक जागा बघून ठेवली. वृद्धाश्रम म्हटलं की चिडायचा.

"आई, वृद्धाश्रम नाहीये तो. सीनियर लिव्हिंग रिसॉर्ट आहे. लोक वेटिंगवर असतात तिथं."

"मग त्यांना घ्या म्हणावं आधी. मला घाई नाही."

"तू सीरियसली बोल ना जरा."

"सीरियसच आहे. मी कराडला जाणार."

एवढं झालं की सून चहा ठेवायला उठायची आणि तो फोनमध्ये तोंड घालायचा. शेवटी एक दिवस म्हणाला, नातीच्या शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत कुठंतरी डोंगरात जाऊ, निवांत बसून बोलू आणि काय ते फायनल करू. मला कळलं. घरात ऐकत नाही, तर बाहेर नेऊन ऐकवायचं.

त्याला आल्प्स पर्वतात जायचं होतं. ऑफिसातले सगळे जाऊन आले होते. पण माझा पासपोर्ट भारताचा, त्याला तिकडचा वेगळा व्हिसा लागतो आणि त्याची तारीख मिळेना. मग त्यानं स्कॉटलंडमधलं एक स्कीइंगचं गाव शोधलं.

"सेम टू सेम आल्प्स," तो म्हणाला. "आणि ऑफ सीझन आहे, सो एकदम पीसफुल."

"दिवाळी आहे त्या आठवड्यात," मी म्हटलं.

"दिवाळी झाली की आपली, शनिवारी!"

ती झालेली दिवाळी सांगते. तिथल्या मराठी लोकांना शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळतो, त्या शनिवारी दिवाळी. रांगोळी पुठ्ठ्यावर काढतात, म्हणजे उचलून नेता येते. पणत्या बॅटरीच्या. फराळ कागदी डब्यातून मोजका, त्यात चकली मऊ. माइकवर एक बाई सगळ्यांना हॅपी दिवाळी म्हणत होत्या आणि माझ्या कॅलेंडरात तेव्हा दिवाळीचा पत्ता नव्हता. मी तिथं काही बोलले नाही. पाहुणी होते.

तर आम्ही गेलो. विमानानं, मग भाड्याच्या गाडीनं, पावसात.

गाव म्हणजे एक रस्ता. दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची लाकडी दुकानं, आल्प्समध्ये असतात म्हणे तशी, आणि सगळी बंद. एका काचेमागं मुंडकं नसलेल्या पुतळ्याला लाल जाकीट घातलं होतं आणि पुतळ्याच्या पायाशी माश्या मरून पडल्या होत्या. हॉटेलच्या सज्जांना लाकडात फुलं कोरलेली, त्यांचा रंग सोलवटून निघालेला. दारात गायीच्या गळ्यातली भलीमोठी घंटा टांगली होती. नातीनं वाजवली तर आतून पाणी आणि कोळ्याचं जाळं तिच्या अंगावर पडलं.

आत गेल्याबरोबर वास आला. ओलं कार्पेट, तळलेलं तेल आणि ओल्या कुत्र्याचा वास, तिन्ही एकात एक. चालताना कार्पेट पायाखाली मऊ लागायचं आणि मला राहून राहून वाटायचं, आपण कशावर पाय देतोय कोण जाणे. भिंतीवर मेलेल्या सांबरांची मुंडकी, त्यांचे काचेचे डोळे. मुंडक्यांच्या शिंगांना चंदेरी झिरमिळ्या गुंडाळल्या होत्या. कोपऱ्यात दिव्यांचं नाताळचं झाड. मी सुनेला विचारलं, "नाताळ डिसेंबरात ना गं?"

"हो आई. असेल काहीतरी डेकोरेशन."

दुसऱ्या दिवशी डोंगर बघायला नेलं. जिथं बर्फावरून घसरतात तो उतार. तपकिरी, खरबडीत, टाचांच्या भेगांसारखा. जागोजागी मोडक्या जाळ्या आणि गंजलेले खांब. वर न्यायचे पाळणे तारेला लटकत होते आणि वाऱ्यानं किरकिरत होते. एका पाळण्याच्या गादीतून स्पंज बाहेर आला होता. खाली चिखलात कोणाचा तरी एक हातमोजा, कुजलेला. गिरणी बंद असली की मी जातं पुसून, पट्टा उतरवून, वर गोणपाट टाकून ठेवायची. इथं गिऱ्हाईक गेलं की सगळं जिथल्या तिथं टाकून पळालेले.

मुलगा वाऱ्यात ओरडून सांगत होता, "विंटरमध्ये हे सगळं व्हाइट असतं आई! इमॅजिन कर!"

"तू कर. मला गाडीत बसव."

नात तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तुझी रिसॉर्ट पण असाच असणार?"

तिच्या आईबापांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, आजी आता रिसॉर्टमध्ये राहायला जाणार. म्हणजे तिच्यापुरतं फायनल झालं होतं.

"मी रिसॉर्टला जाणार नाही," मी तिला म्हटलं. "घरी जाणार."

"पण बाबा म्हणाला..."

"बाबाला म्हणू दे."

मुलानं गाडी सुरू केली.

त्या दिवशी दुपारी हॉटेलसमोर एक मोठी बस येऊन थांबली. त्यातून म्हातारे उतरले. काठ्या घेतलेले, चाकाच्या घोडीला धरून चालणारे, सगळे माझ्या वयाचे किंवा पुढचे. मँचेस्टरच्या बाजूचे होते. त्यांना आत घेताना हॉटेलची बाई दारात टाळ्या वाजवून म्हणाली, "मेरी ख्रिसमस, एव्हरीबडी!" आणि ते सगळे म्हणाले, "मेरी ख्रिसमस!"

मला वाटलं मी चुकून ऐकलं.

संध्याकाळी जेवणाला गेलो तर प्रत्येक टेबलावर चमकीचा कागद. गाणी नाताळची. वाढायला आलेल्या मुलीच्या डोक्यावर शिंगं बसवलेली. सुनेनं चौकशी केली तेव्हा कळलं. बर्फ पडेपर्यंत हॉटेलं रिकामी असतात, म्हणून स्वस्तात म्हाताऱ्यांच्या बसगाड्या आणतात आणि त्यांना नाताळ करून दाखवतात. आज नाताळची आदली संध्याकाळ, उद्या नाताळ, परवा वर्षअखेर, तेरवा बसमध्ये घालून परत.

ताटात वाळका, पांढरा मांसाचा तुकडा, त्यावर तपकिरी ओघळ. मी मांसाहार करत नाही, म्हणून मला फक्त बटाटे आणि ते सुपारीएवढे इवलेसे कोबी. इतके उकडलेले की काटा लावला की पाणी सुटायचं. तोंडात घातला एक. कडू, आणि गिळगिळीत. बाकीचे तसेच ठेवले.

शेजारच्या टेबलावर एकटी म्हातारी बसली होती. तिला माझ्याकडं बघून काय वाटलं कोण जाणे, तिनं रंगीत कागदाची एक सुरळी माझ्यापुढं धरली. एक टोक तिनं ओढायचं, एक मी. फट्कन आवाज झाला, आतून कागदी मुकुट पडला. तिनं तो माझ्या डोक्यावर बसवला. मुलानं लगेच फोटो काढला. मी मुकुट काढून टेबलावर ठेवला.

म्हातारी काहीतरी म्हणाली. नातीनं मराठीत सांगितलं, "ती विचारतो, तू कुठल्या बसमधून आलास?"

"सांग, मी बसमधली नाही."

नातीनं सांगितलं. म्हातारी हसली आणि बोलत सुटली. नात मान हलवत ऐकत होती.

"ती म्हणतो, तिचा मुलगा खऱ्या ख्रिसमसला स्कीइंगला जातो. आल्प्सला. त्याची वाइफ, किड्स, सगळे. म्हणून ती आधी इकडे येऊन करते."

"आणि खऱ्या दिवशी?"

नातीनं विचारलं. म्हातारीनं खांदे उडवले.

"सँडविच. मग टीव्ही. मग झोपतो."

म्हातारी रडतबिडत नव्हती. छान कोबी खात होती. मला तिची दया आली असं कोणी समजू नये, मला तिचा राग आला. एवढी धडधाकट बाई, आणि पोराच्या सुट्टीप्रमाणं सण उरकून घेते, वर मुकुट घालते.

खोलीत आल्यावर मुलानं फोन काढला. बोलायचं होतं ना, त्यासाठीच तर आलो होतो. त्यानं पुण्याच्या रिसॉर्टचा व्हिडिओ लावला. हिरवळ, कारंजं, एका रंगाचे टी-शर्ट घालून हात वर करणारे म्हातारे. मग दिवे, कंदील, ताटात करंज्या.

"बघ, दिवाळी सेलिब्रेशन. किती मस्त करतात."

"कधी करतात?"

"म्हणजे?"

"कुठल्या दिवशी?"

"दिवाळीलाच करत असतील ना आई. असं काय विचारतेस?"

"फोन करून विचार."

सून म्हणाली, "अरे, मेसेज टाक ना त्यांना. त्यांची मॅनेजर लगेच रिप्लाय करते." 

त्यानं टाकला. भारतात उशीर झाला होता तरी उत्तर आलं. पोरगा खोटं बोलत नाही, एवढं मी त्याला शिकवलंय. त्यानं वाचून दाखवलं. दिवाळी आधीच्या रविवारी करतात. प्रत्यक्ष दिवाळीत स्टाफ सुट्टीवर असतो, त्या दिवसांत रहिवाशांना डबे येतात.

"सँडविच," मी म्हटलं.

"आई, प्लीज."

"अहो आई," सून म्हणाली, "पण आपणही शनिवारीच केली की. त्यात काय एवढं?"

"तेच सांगतेय मी. तुमच्याकडं मी पाहुणी आहे, हॉलमध्ये बस म्हणालात, बसले. मरेपर्यंत नाही बसणार."

मुलगा उठून उभा राहिला. "आणि पडलीस तर? परत पडलीस मोरीत, तर मी इथून काय करू? शेजारच्या काकूंचा फोन आला होता, तेव्हा तीन रात्री मला झोप नव्हती. तुला काय त्याचं!"

त्याचा आवाज चिरकला होता. मी ऐकून घेतलं. खरं ते खरं, काळजी त्याला होती.

"पडेन नाहीतर नाही पडणार," मी म्हटलं. "उद्या बोलू. उद्या नरक चतुर्दशी आहे, मला लवकर उठायचंय."

"इथं?"

"नरकासुराला पत्ता लागतो का?"

मी तयारीनं आले होते. तिळाच्या तेलाची छोटी बाटली आणि कराडहून आणलेली उटण्याची पुडी. पहाटे उठून किटलीत पाणी तापवलं, मगात ओतून त्यात बाटली उभी ठेवली. एकाच खोलीत चौघं, एकच बाथरूम. सगळे झोपले होते. आत गेले, कडी लावली.

त्या लोकांचा तो टब मला कधी आवडला नाही. आपलाच मळ धुवायचा आणि त्याच पाण्यात पडून राहायचं. ह्या टबच्या कडेला आधीच कोणाचे तरी केस चिकटलेले होते. ते कागदानं काढले, फेकले, हात धुतले. मग भिंत धरून एक पाय आत, दुसरा पाय आत. कचऱ्याची प्लास्टिकची बादली आदल्या दिवशीच घासून ठेवली होती. ती पालथी घातली आणि तिच्यावर बसून अंगाला तेल चोळलं, उटणं लावलं.

कडी वाजली.

"आई! दार का लावलंस? ओपन ठेव ना, पडलीस तर?"

"नागवी आहे. जा झोप."

तो दाराबाहेरच उभा राहिला. मी अंघोळ पुरी केली, हात धरायला काही नव्हतं तरी भिंतीला टेकून, आधी बसून मग उठून, एकेक पाय काढत बाहेर आले. साडी नेसले. दार उघडलं तर तो तिथंच, हातात टॉवेल, डोळे सुजलेले.

"ओके आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? आत तेल सांडलंय, टबात पाय जपून ठेव."

"हो हो," म्हणाला आणि आत गेला. त्याची ही लहानपणापासूनची सवय. हो हो म्हणतो आणि ऐकत नाही.

नात उठली होती. कारीट कुठं आहे, विचारत होती. मीच तिला गोष्ट सांगितली होती, अंघोळ झाली की डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, ते नरकासुराचं डोकं. स्कॉटलंडमध्ये कारीट कुठून आणायचं? तिनं उशीखालून कागदी रुमालात गुंडाळलेला कोबी काढला. रात्रीच्या ताटातला, तो इवलासा.

"आजी, हा पण कडू आहे ना?"

"आहे. ठेव खाली."

मी उंबऱ्यावर डावा अंगठा ठेवला आणि दाबला. फुटला कसला, पचकन पिचकला. हिरवं पाणी अंगठ्याच्या बेचक्यातून वर आलं. नात "ईSSS" करून किंचाळली आणि हसायला लागली. आणि त्याच वेळी आत धाडकन आवाज झाला.

पडदा दांडीसकट खाली आला होता. मुलगा टबात आडवा, एक पाय बाहेर, पाणी चालूच. सून धावली, नळ बंद केला, त्याच्यावर टॉवेल टाकला.

"हलू नकोस! कुठं लागलं? अरे बोल ना!"

"माकडहाड," तो म्हणाला. "आई गं."

मी दारात उभी होते. "सांगितलं होतं ना, तेल आहे म्हणून?"

"हो गं."

"आता तुला कुठल्या रिसॉर्टला पाठवू?"

सुनेनं आधी माझ्याकडं रागानं बघितलं. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती तशीच टबाच्या कडेला बसून हसायला लागली. तिला आवरेना. मुलगा पडल्यापडल्या म्हणत होता, "नॉट फनी. इट्स नॉट फनी."

हाडबीड मोडलं नव्हतं. हॉटेलची बाई बर्फाची पिशवी घेऊन आली, आणि एक रबराची चटई. चटई टबात अंथरता अंथरता तिनं सुनेला सांगितलं, ही खरं तर आम्ही वयस्कर पाहुण्यांना देतो. नातीनं तेवढं मला बरोबर मराठीत करून सांगितलं, एकही चूक न करता.

खाली नाश्त्याला गेलो तर नाताळ उजाडला होता. लाल कपड्यातला कापूस लावलेला माणूस म्हाताऱ्यांना पिशव्या वाटत होता. प्रत्येकाला मोज्यांचा जोड, एकाच रंगाचा. मुलगा दोन उश्यांवर कलंडून बसला होता. त्या म्हातारीनं लांबून मला हात केला, मीही केला. मग मी मुलाला म्हटलं, आता बोल, कशासाठी आणलंस ते.

"आता काय बोलू?"

"मग मी बोलते. मी कराडला जाणार. मोरीत धरायला दांडा लावून घेते, खाली खरबडीत फरशी बसवते. शेजारणीकडं किल्ली आहेच. सकाळी तिला आवाज दिला नाही तर तिनं दार उघडायचं. एवढं तुझ्या काळजीसाठी. यापुढं काही नाही."

"आणि दिवाळीला?"

"ज्या दिवशी असेल त्या दिवशी करीन. तुला यायचं तर त्या दिवशी ये."

सून त्याच्या पावाला लोणी लावत होती, तिनं वर न बघता म्हटलं, "मला वाटतं, ते वेटिंग लिस्टवरचं आईंचं नाव काढ." 

पुढचे दीड दिवस तो धुमसतच होता. गाडी सुनेनं चालवली. तो मागं कुशीवर पडला होता, वळण आलं की विव्हळत होता. मला त्या गावाकडं वळून बघावंसं वाटलं नाही. बसच्या लोकांची तेव्हा वर्षअखेर चालली होती, भर दुपारी फुगे फुगवत होते.

विमानतळावर त्याला बसता येईना म्हणून तो उभाच होता. मी बाकावर. बराच वेळ गेला. मग त्यानं फोन लावला. पलीकडे कोण आहे ते मला आवाजावरून कळलं, आमच्या गल्लीतला गवंडी. बोलता बोलता मुलगा माझ्याकडं वळला.

"तो विचारतोय, दांडा किती उंचीवर?"

मी उठून उभी राहिले. त्यानं हात आडवा धरला, स्वतःच्या कमरेपाशी.

"खाली," मी म्हटलं.

त्यानं थोडा खाली घेतला.

"अजून खाली. दांडा मला धरायचाय."